मालमोटारीच्या कमानींतील जाम झालेला बुश

बैलगाडीच्या तुंब्यांतील लोखंडी नळी झिजली म्हणजे चाक डुलूं लागतें, आणि गाडीमागून चालणाऱ्या कोणासही तें दिसतें. मालमोटारीच्या कमानींतील बुश झिजला असतां तो असा दिसत नाहीं. तो प्रथम ऐकूं येतो. बांध ओलांडून गाडी रस्त्यावर येतांना मागल्या अंगास ठक असा आवाज होतो, ब्रेक दाबतांच तसाच दुसरा होतो, आणि पुष्कळ मालक पोतीं सरकलीं असतील असें समजून पुढें जातात. कांहीं दिवसांनीं मागला टायर एकाच कडेनें झिजूं लागतो, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढूं लागते, आणि नवा टायर घालूनही दोष राहिला म्हणजे मग मिस्त्रीकडून बुशाचें नांव प्रथम कानीं पडतें.

आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारांत आज एखादी पिक-अप, टेंपो किंवा जुना ट्रक उभा असतो. (टेंपो हा शब्द ज्या बजाज टेंपो कंपनीच्या तीनचाकीमुळें आपल्या तोंडीं बसला, ती कंपनी 1958 सालीं स्थापन झाली, 2005 सालीं तिचें नांव बदललें, परंतु खेड्यांत कोणत्याही कारखान्याची लहान मालगाडी अद्यापि टेंपोच आहे.) बुशाची किंमत फार नसते. खर्च होतो तो जुना बुश काढण्याच्या मजुरीचा, आणि त्याहून अधिक, ऊंसतोडणीच्या किंवा बाजाराच्या दिवसांत गाडी तालुक्याच्या गॅरेजापुढें उभी राहिल्यानें होणाऱ्या नुकसानीचा. हें काम घरच्या अंगणांत होण्यासारखें आहे काय, असें आम्हांस अनेकदां विचारण्यांत येतें. होण्यासारखें आहे, मात्र रीत सोडून बळ लावलें किंवा विस्तव लावला, तर बुशाबरोबर कमानही निकामी होते, आणि ती निकामी झाल्याचें भरल्या गाडीनें घाट उतरतांनाच कळतें. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

कमान म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पाट्यांचा जुडगा. त्यांतील सर्वांत लांब पाट्याचीं दोन्ही टोंकें वाटोळीं वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. एक डोळा चासीला पक्क्या जागीं जोडलेला असतो. दुसरा शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्याला लटकतो, कारण ओझ्यानें कमान सपाट झाली म्हणजे तिची लांबी वाढते आणि त्या वाढीस वाव हवा असतो. प्रत्येक डोळ्यांत बुश, आणि बुशांतून बोल्ट अथवा पिन, अशी ही रचना असते. जुन्या जड ट्रकांत बुश ब्राँझचा असून त्यास ग्रीस द्यावें लागतें. पिक-अपसारख्या हलक्या गाड्यांत बहुधा बाहेर पोलादाचें पातळ कवच, मध्यें रबर आणि आंत पोलादी नळी असा तीन पदरी बुश असतो. या दुसऱ्या जातींत कांहींच घसरत नाहीं. आंतली नळी बोल्टाबरोबर स्थिर राहते, बाहेरचें कवच डोळ्याबरोबर फिरतें, आणि दोहोंमधील सर्व हालचाल रबर पिळवटून सोसतें. तें फाटलें म्हणजे नळी एका अंगास सरकते व पोलादावर पोलाद आपटूं लागतें.

मागल्या कमानीचा पुढचा, म्हणजे पक्क्या जागेचा डोळा विशेष महत्त्वाचा आहे. ज्या गाड्यांत मागला आंस केवळ कमानींनींच धरलेला असतो, त्यांत चाकांचा पुढें ढकलण्याचा जोर व ब्रेकचा मागें ओढण्याचा जोर याच डोळ्यांतून चासीपर्यंत पोंचतो. तेथील बुश झिजला म्हणजे मागला आंस तिरका होतो. याची परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जमिनीवर, स्टिअरिंग सरळ करून उभी करावी, आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर दोन्हीं बाजूंस फितीनें मोजावें; एका बाजूस स्पष्ट फरक दिसल्यास त्या बाजूच्या डोळ्याकडे पाहावें. नंतर डोळा आणि त्याचा कंस यांच्या फटींत पहारेचें टोंक घालून हलकेंच दाबावें. चांगला बुश किंचित् दबून परत येतो; गेलेला बुश खटकन् सरकतो.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. बुश मुळांत डोळ्यांत दाबूनच बसवलेला असतो, म्हणजे त्याचा बाहेरचा व्यास डोळ्याच्या आंतल्या व्यासाहून किंचित् अधिक असतो. परंतु केवळ त्या दाबामुळें तो जाम होत नाहीं. जाम करतो तो गंज. लोखंडाचा गंज झाला म्हणजे तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि डोळा व कवच यांमध्यें त्यास पसरावयास जागाच नसल्यामुळें तो पाचरीसारखा दोहोंस आवळून धरतो. शहरांतील गाडीपेक्षां शेतावरील गाडींत हा गंज अधिक कां होतो, याचीं कारणें आपल्याच व्यवसायांत आहेत. आपण गाडींतून खतें वाहतों. म्युरेट ऑफ पोटॅश हें पोटॅशियम क्लोराइड होय, आणि आपलें खाण्याचें मीठ सोडियम क्लोराइड. लोखंडाला हे दोघेही सारखेच वैरी. फाटक्या पोत्यांतून सांडलेलें खत फळ्यांच्या फटींतून कमानीवर पडतें, हवेंतील ओल ओढून घेतें आणि पाट्यांच्या व डोळ्याच्या सांध्यांत मुरतें. शेणखताची ओल आणि काळ्या रानाचा चिखल हेंच काम आपापल्या परीनें करतात. त्यांतच हंगाम संपला कीं गाडी दोन-दोन महिने छपराखालीं उभी राहते. कोंकणांतील खाजणाच्या कांठच्या गाड्यांविषयीं तर वेगळें सांगावयास नको.

असा बुश पुढें आला म्हणजे पहिला हात घणाकडे जातो. घणानें निघणारे बुश नाहींत असें नाहीं. नवी, कोरड्या मुलुखांतील गाडी असेल तर चार घावांत काम होतें. परंतु गंजानें धरलेल्या बुशावर घण घालण्यांत दोन अडचणी आहेत. कमान स्वतःच लवचीक असल्यामुळें घावाचा मोठा भाग ती झेलून परत फेंकते, बुशापर्यंत थोडाच पोंचतो. आणि जो पोंचतो तो कवचाच्या पातळ कडेस चेपून तिचें फुलासारखें पसरट तोंड करतो. एकदां कड पसरली म्हणजे बुश पूर्वीपेक्षां घट्ट झाला असें समजावें, कारण आतां ती कड डोळ्याच्या तोंडांतून आंत जाणें शक्य नसतें. तेव्हां आठ-दहा घावांत हालचाल दिसली नाहीं, तर घण बाजूस ठेवावा.

यानंतर गॅसच्या ज्योतीचा विचार मनांत येतो, आणि येथें वाचकांनीं विशेष सावध असावें. आपल्याकडे लोखंड तापवून सैल करण्याची युक्ति पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. चाकावर धाव चढवतांना लोहार ती तांबडी होईपर्यंत तापवतो, फुगलेली धाव चाकावर सहज बसते, आणि पाणी ओतलें म्हणजे आकसून पुठ्ठ्यांना आवळते. ही युक्ति तेथें साधते, कारण धाव तापलेली असते व लांकूड थंड असतें. डोळा आणि बुशाचें कवच यांची गोष्ट तशी नाहीं. दोन्ही पोलादाचीं, एकमेकांस घट्ट चिकटलेलीं. एकास दिलेली उष्णता क्षणांत दुसऱ्यास पोंचते आणि दोन्ही सारख्याच प्रमाणांत फुगतात. 45 मिलिमीटर व्यासाचा डोळा 200 अंश सेंटिग्रेडनें तापवला तर त्याचा व्यास सुमारें एक दशांश मिलिमीटर वाढतो. कवचाचाही तितकाच वाढतो. मग सैल काय झालें? ब्राँझचा बुश असल्यास प्रकार आणखी उलट होतो. ब्राँझ पोलादाच्या जवळ जवळ दीडपट फुगतो, म्हणून तापवल्यावर तो अधिकच आवळतो. निवतांना तो कधीं कधीं सैल पडतो हें खरें. परंतु तेवढ्यासाठीं जी किंमत द्यावी लागते ती पुढें सांगतों.

कमानीचें पोलाद हें नांगराच्या फाळाचें किंवा पहारेचें लोखंड नव्हे. सिलिकन व मँगॅनीज किंवा क्रोमियम व व्हॅनेडियम मिसळलेलें हें पोलाद लालबुंद करून तेलांत विझवतात, त्यायोगें तें कठीण पण ठिसूळ होतें. नंतर सुमारें 400 ते 500 अंशांपर्यंत पुन्हां तापवून त्यास पाणी देतात. कमानीची लवचीकता या दुसऱ्या तापवण्यावर अवलंबून असते. त्या मर्यादेच्या वर डोळा तापला कीं तेवढ्या भागाचें पाणी उतरलें. अंधाऱ्या जागीं लोखंडावर मंद तांबूस झांक दिसूं लागते तेव्हांच तें 500 अंशांच्या पुढें गेलेलें असतें. भर उन्हांत अंगणांत काम करतांना ती झांक दिसतही नाहीं, म्हणून तापवणाऱ्यास आपण मर्यादा ओलांडल्याचें कळत नाहीं. पाणी उतरलेला डोळा ओझ्याखालीं उलगडूं लागतो. उलट तापलेल्या डोळ्यावर कोणी पाणी ओतलें, आणि घाईंत ओततात, तर तो कांचेसारखा ठिसूळ होतो. आमच्या पाहण्यांत एका पिक-अपचा मुख्य पाटा डोळ्यापासून दोन बोटांवर तुटलेला आला होता. तुटल्या जागेच्या भोंवतीं निळसर काळा पट्टा स्पष्ट होता, आणि त्या गाडीचा बुश एका गॅरेजांत ज्योतीनें काढल्याचें मालकानेंच सांगितलें. गाडी त्या वेळीं रिकामी होती, हें नशीब.

रबर जाळून काढण्याची रीत याच जातीची. जळत्या रबराच्या धुरांत गंधकाचे विषारी वायु असतात, आणि हल्लीं मिळणाऱ्या पॉलियुरेथेनच्या बुशाचा धूर त्याहूनही घातक असतो. ज्या अंगणांत मुलें खेळतात व गुरें बांधलेलीं असतात तेथें हा प्रकार करूं नये.

म्हणून आमचें मत असें कीं, जाम बुश ढकलून काढण्याच्या मागें न लागतां त्याचें बाहेरचें कवच आंतून कापावें. कवच जोंवर अखंड वाटोळें आहे तोंवर गंजाचा दाब त्यास धरून ठेवतो. तें एका जागीं चिरलें गेलें कीं त्यास आंत मिटावयास जागा मिळते आणि सारी पकड सुटते. यासाठीं लागणारीं हत्यारें शेतकऱ्याच्या घरीं बहुधा असतातच: लोखंड कापावयाची करवत व इंचाला 24 दातांचीं दोन-तीन नवीं पातीं, ड्रिल, अरुंद छिन्नी, हातोडा, गोल कानस, जॅक, आणि एक चांगला लांब बोल्ट.

हत्यारांपूर्वीं गाडी उभी करण्याविषयीं लिहिणें जरूर आहे, कारण या कामांत जीव जातो तो येथें. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागल्या चाकांवरच चालतो. मागला भाग उचलला कीं तीं चाकें जमिनीवर नसतात, म्हणजे हँडब्रेक ओढलेला असूनही निरुपयोगी होतो, आणि गाडी गिअरमध्यें ठेवल्याचाही तीच गत. तेव्हां पुढच्या दोन्हीं चाकांना पुढून व मागून मोठे धोंडे किंवा लांकडी ओंडके घट्ट लावावे. गाडी रिकामी असावी व जमीन टणक आणि सपाट असावी. नांगरलेल्या किंवा भिजलेल्या मातींत जॅकचा पाय खचतो. जॅकनें चासी उचलून ती लोखंडी घोड्यांवर किंवा आडव्या-उभ्या रचलेल्या जाड लांकडी ठोकळ्यांवर टेकवावी. पोकळ सिमेंटच्या विटा वापरूं नयेत. त्या ओझ्याखालीं एकाएकीं फुटतात. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं, मग तो जॅक कितीही टनांचा असो, कोणीही शिरूं नये, आणि मुलाला तर "जरा पाना दे" म्हणूनही बोलावूं नये.

चासी टेकल्यावर दुसरा जॅक आंसाखालीं लावून तो हळूहळू वर घ्यावा. आंस लोंबता असेल तर त्याचें वजन कमानीच्या बोल्टांवर येतें, फार उचलला तर गाडीचें वजन येतें. मधल्या एका जागीं बोल्ट मोकळा होतो व हातानें फिरूं लागतो. ती जागा सांपडेपर्यंत दोन-चारदां वर-खालीं करावें लागतें. आंस ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत नाहीं ना, हें पाहावें. एका वेळीं एकाच बाजूची कमान सोडावी. दुसरी जागेवर असली म्हणजे आंस फार हलत नाहीं आणि जोडतांना भोकें जुळवण्याचा त्रास वांचतो.

पुष्कळदां बुशाआधीं बोल्टच अडतो. तो आंतल्या पोलादी नळीला गंजानें चिकटलेला असतो. नट निघतो, बोल्ट फिरतो, पण त्याबरोबर नळीही फिरते व रबर पिळवटून सर्व पूर्वस्थितीवर येतें. आदल्या रात्रीं गंज सोडवणारें तेल, नाहींतर डिझेल, दोन्हीं टोंकांनीं सोडून ठेवावें आणि सकाळीं बोल्टाच्या डोक्यावर हलके पण पुष्कळ ठोके द्यावे. तरीही हलला नाहीं, तर वेळ न घालवतां डोळा व कंस यांच्या फटींतून करवतीचें पातें घालून बोल्ट दोन्हीं बाजूंस कापून टाकावा. बोल्ट नवा मिळतो. वांकलेला कंस सरळ करणें कठीण.

डोळा कंसांतून सुटला म्हणजे तो हाताशीं येतो. प्रथम रबराची विल्हेवाट लावावी. लहान बिटानें रबरांत नळीच्या सभोंवार जवळ जवळ छिद्रें पाडीत जावें. दहा-बारा छिद्रें झालीं कीं आंतली नळी पहारेनें ढकलून बाहेर येते, आणि उरलेलें रबर छिन्नीनें खरवडून निघतें. आतां डोळ्यांत केवळ कवच उरलें. त्याची जाडी बहुधा दोन-तीन मिलिमीटर असते.

येथें एकदां बोल्टानें ओढून पाहण्यास हरकत नाहीं. 16 मिलिमीटरचा, मिस्त्रींच्या भाषेंत पांच सुती, बोल्ट कवचांतून ओंवावा. एका बाजूस कवचाच्या बाहेरच्या व्यासाहून किंचित् लहान जाड वॉशर, दुसऱ्या बाजूस ज्याच्या पोटांत कवच मावेल असा पाईपचा तुकडा डोळ्याच्या कडेवर टेकवून, त्यावर जाड पट्टी व नट. आट्यांस ग्रीस लावून नट आवळावा. अर्धा मीटर लांबीच्या पान्यावर 30 किलोंचा जोर दिला असतां असा बोल्ट साडेचार टनांच्या आसपास ओढतो, आणि तेंही घणासारखा धक्का न देतां, सलग. मात्र बोल्टाच्या डोक्यावर 8.8 असा आंकडा हवा. 4.6 आंकड्याचा साधा बोल्ट साडेतीन टनांच्या पुढें ताणला जातो, आट्या धरतात आणि काम बिघडतें. ओढतांना बोल्टाच्या रेषेंत तोंड आणूं नये. पान्यास लांब नळी जोडूनही कवच हललें नाहीं, तर त्याहून अधिक जोर करण्यांत अर्थ नाहीं; करवत घ्यावी.

पातें फ्रेममधून सोडून डोळ्यांतून ओंवावें व पुन्हां फ्रेमला जोडावें. त्याचे दांत आपल्याकडे तोंड करून असावे, म्हणजे ओढतांना कापलें जातें आणि पातें कमी तुटतें. कोठें कापावें हें आधीं ठरवावें. पाटा जेथून वळून डोळा होऊं लागतो, त्या मुळाशीं सर्वांत अधिक ताण असतो. ती जागा सोडून तिच्या समोरच्या बाजूस चीर घ्यावी. चीर डोळ्याच्या एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत सरळ जावी. घाई न करतां दहा-वीस हातांनंतर पातें उचलून बॅटरीच्या उजेडांत पाहावें. प्रथम चकचकीत पोलाद दिसतें. मग कोठेंतरी तपकिरी काळी रेघ दिसूं लागते. ती रेघ म्हणजे कवच व डोळा यांमधला गंज. ती दिसतांच थांबावें. कागदाइतका पदर राहिला तरी चालतो, तो छिन्नीनें फाटतो. परंतु पातें डोळ्याच्या अंगांत उतरलें तर तेथें पडलेली खांच पाट्याच्या ताणाला आडवी पडते, आणि तुटण्यास तेवढी सुरवात पुरे होते.

पहिल्या चिरेपासून अर्ध्या इंचावर दुसरी चीर घ्यावी. दोन चिरांमधील पट्टीच्या कडेखालीं अरुंद छिन्नी घालून ती आंतल्या बाजूस वळवावी. पट्टी गळून पडली कीं उरलेलें कवच हातोड्याच्या दोन ठोक्यांनीं मिटतें व हातानें ओढून काढतां येतें. वर ज्या पिक-अपचा उल्लेख केला, तिच्याच दुसऱ्या बाजूच्या डोळ्याचा बुश आम्हीं या रीतीनें काढविला. आधीं बोल्टानें ओढून पाहिलें, कवच केसभरही हललें नाहीं. करवतीस तीन पातीं लागलीं, दोन चिरांस मिळून दीड तास लागला, आणि पट्टी निघाल्यावर कवच असें सुटलें कीं करवत चालवणारा गडी क्षणभर तसाच पाहत राहिला. दीड तास हा कांहींसा अधिक वाटेल. विजेवर चालणारी लहान करवत असल्यास तो पाव तासावर येतो. परंतु फिरत्या चकतीचा ग्राइंडर या डोळ्यांत घालूं नये, कारण त्याची चकती थांबवावयाच्या जागीं थांबत नाहीं.

मोकळा झालेला डोळा नीट तपासावा. एमरी कागदानें गंज काढून पोटांतला पृष्ठभाग बोटानें चाचपावा. लहान खड्डे असले तर चिंता नको. चिरेचा संशय असल्यास जुनी रीत उत्तम आहे: डोळा स्वच्छ करून त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावावें, थोड्या वेळानें कोरडा पुसावा आणि वर खडूची भुकटी चोळावी. चीर असली तर तींत मुरलेलें तेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. रेघ उमटल्यास नवा बुश घालूं नये. मुख्य पाटाच बदलावा. त्यास वेल्डिंगचा टांका मारून देणारे पुष्कळ भेटतात, पण तो टांकाही पोलादाचें पाणीच उतरवतो.

ब्राँझच्या बुशाचें काम याहून सोपें असतें, कारण ब्राँझ मऊ असून करवतीस लवकर कापतो, आणि त्याचा पिवळा रंग संपून गंजाचा काळा दिसूं लागला कीं थांबण्याची खूण चुकत नाहीं. नवा बसवतांना मात्र त्याचें ग्रीसचें छिद्र डोळ्याच्या छिद्रासमोरच यावें, आणि दाबून बसवल्यावर त्याचें पोट किंचित् आकसतें म्हणून तें रीमरनें मापास आणावें लागतें. रीमर सर्वांकडे नसतो. तेवढ्यासाठीं लेथवाल्याकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. पुढच्या चाकांच्या किंगपिनचे बुश तर सर्वस्वीं गॅरेजासच द्यावे. तेथें दोन बुश एका रेषेंत रीम करावे लागतात, आणि स्टिअरिंगचा प्रश्न असतो.

नवा रबरी बुश बसवण्यापूर्वीं रात्रभर तो प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून बर्फाच्या कप्प्यांत ठेवावा आणि कमान सकाळपासून उन्हांत असूं द्यावी. थंड बुश व तापलेला डोळा यांच्या व्यासांत चार शतांश मिलिमीटरांच्या आसपास फरक मिळतो; ऐकावयास थोडा आहे, पण बुश तोंडांत सरळ धरण्यास त्याची फार मदत होते. डोळ्याच्या तोंडाची धार कानशीनें किंचित् मोडावी. कवचाच्या बाहेरच्या अंगास ग्रीसचा पातळ हात द्यावा, म्हणजे पुढच्या वेळीं गंज इतका धरणार नाहीं. रबरास मात्र ग्रीस, डिझेल वा तेल लागूं देऊं नये, त्यांनीं तें फुगतें. मग त्याच बोल्टानें, पाईपचा तुकडा केवळ कवचाच्या कडेवर टेकवून, बुश सावकाश आंत ओढावा. आंतल्या नळीवर किंवा रबरावर दाब दिल्यास बुश बसण्यापूर्वींच फाटतो. वांकडा जाऊं लागल्यास लगेच मागें घेऊन पुन्हां सुरवात करावी.

डोळा कंसांत घालून नवा बोल्ट व नवा नट लावावा, पण पूर्ण आवळूं नये. ही गोष्ट गॅरेजांतही पुष्कळदां पाळली जात नाहीं. आंस लोंबता असतांना नट आवळला तर आंतली नळी त्या स्थितींत पकडली जाते, आणि गाडी जमिनीवर येतांच रबर कायमचें पिळलेलें राहतें. मग नवा बुश कांहीं महिन्यांतच जातो व दोष मालावर येतो. गाडी घोड्यांवरून उतरवून चाकांवर उभी करावी, मागचा भाग चार-पांचदां दाबून हलवावा, आणि मगच कारखान्याच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें नट आवळावा. मागल्या भागावर नेहमींच्या ओझ्याचीं थोडीं पोतीं ठेवून आवळावें असें कांहीं मिस्त्री सांगतात. गाडीच्या पुस्तकांत तसें असल्यासच करावें. पहिल्या दोन खेपांनंतर नट पुन्हां एकदां पान्यानें तपासावा. आणि ज्या दिवशीं गाडींतून खत आणलें असेल, त्या दिवशीं संध्याकाळींच कमानीवर साधें पाणी सोडून ती धुवून काढावी. दुसऱ्या दिवसापर्यंत तें ओलें खत सांध्यांत मुरलेलें असतें.